नवी कंपनी, जुनी पेढी आणि पन्हाळ्याचा घाट

पन्हाळगड भोवतालच्या सपाटीपासून साधारण ४०० मीटर उंच आहे आणि कोल्हापूरपासून त्याचं अंतर जेमतेम २० किलोमीटर. शिवाजी पूल ओलांडला की दोन्ही अंगांना उसाचे फड, पुढे केर्ली, मग वाघबीळ आणि तिथून गडाकडे चढणारी वळणं. विजेवरच्या गाडीची ताकद कशात आणि उणेपणा कशात हे समजून घ्यायला हा रस्ता फार चांगला. इथे सपाटी आहे, चढ-उतार आहे, पावसाळ्यात पुराचं पाणी आहे, गडावर दाट धुकं आहे, आणि वर पोहोचल्यावर गाडी चार्ज कुठे करायची हा प्रश्नही आहे.

विजेची मोठी, उंची एसयूव्ही घ्यायची म्हटली की आज दोन वाटा दिसतात. एक जुन्या पेढीची. मर्सिडीज-बेंझ १९९४ साली भारतात आली, २००९ पासून तिचा कारखाना चाकणला आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून ईक्यूएस ५८० ही तिची विजेवरची एसयूव्ही तिथेच जोडली जाते. अमेरिकेबाहेर ही गाडी तयार होऊ लागली ती पहिल्यांदा चाकणला. बाजारात आली तेव्हा किंमत १ कोटी ४१ लाख. दुसरी वाट नव्या कंपन्यांची. त्यांनी पेट्रोलचं इंजिन कधी बनवलंच नाही, विजेची गाडी हाच त्यांचा जन्म. अमेरिकेतली रिव्हियन, बंगळूरची प्रवैग, आता मोडलेली फिस्कर, आणि एके काळी यांच्यासारखीच धडपडणारी, १५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान उघडणारी टेस्ला. टेस्लाची स्थापना २००३ ची, म्हणजे तिला आता स्टार्टअप म्हणता येणार नाही. पण भारतीय रस्त्यांसाठी ती नवखीच आहे, आणि नव्या कंपनीचं पुढे काय होतं याचा सगळ्यात पूर्ण दाखला तिचाच आहे.

आधी चढाचा हिशेब मांडू. तो शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची, की उत्तर ज्यूलमध्ये मिळतं. ३६ लाख ज्यूल म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. ईक्यूएस एसयूव्हीचं वजन सुमारे २,८०० किलो. चार माणसं आणि सामान धरून ३,१०० म्हणू. ४०० मीटर वर चढवायला तिला ३.४ युनिट लागतात, आणि मोटार व तारांमधली घट धरली तर पावणेचारच्या आसपास. तिच्या बॅटरीत १२२ युनिट मावतात. म्हणजे शिवरायांना चार महिने अडकवून ठेवणाऱ्या सिद्दी जौहरच्या फौजेने जो गड वेढला, त्या गडाची सगळी उंची ही गाडी बॅटरीच्या तीन टक्क्यांत चढून जाते. टेस्लाची मॉडेल वाय बरीच हलकी. माणसांसकट २,२०० किलो धरले तर तिला २.४ युनिट पुरतात, घट धरून २.७.

घाट चढताना बॅटरी धपकन उतरेल ही भीती लोकांच्या मनात खोल बसली आहे. आकडे पाहिले की ती निघून जाते. बॅटरी खाते ती हवा. महामार्गावर ताशी १०० ते १२० किलोमीटर वेगाने जाताना समोरची हवा बाजूला सारायला जी वीज लागते, तिच्यापुढे पन्हाळ्याचा चढ किरकोळ आहे. पुण्याहून कोल्हापूरला येणाऱ्याने चिंता करायची ती महामार्गाच्या सपाट पट्ट्यात वेग किती ठेवायचा याची.

उतारावर तर विजेची गाडी खरी शोभून दिसते. मोटार उलट काम करून जनित्र होते, चाकांची गती वीज बनून बॅटरीत परत जाते, आणि चढायला खर्चलेल्या विजेतली साठ-सत्तर टक्के हाती लागते. ब्रेकला पाय न लावता वाघबीळपर्यंत खाली येता येतं. पेट्रोलची गाडी हाच उतार उतरताना चढाचा खर्च ब्रेकच्या चकत्या तापवण्यात घालवते. मात्र इथे एक गोष्ट पन्हाळ्यावर राहणाऱ्यांनी आणि तिथल्या हॉटेलवाल्यांनी ध्यानात ठेवावी. गडावर रात्रभर चार्जिंग लावून बॅटरी शंभर टक्के केली आणि सकाळी लगेच उतरायला लागलं, तर काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतायला जागा नसते तसं होतं. परतीची वीज घ्यायला बॅटरी नकार देते, मोटारीचा रोध कमी होतो आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. पाहुणा सकाळी खाली उतरणार असेल तर गाडी ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबवावी. ही मर्यादा नव्या कंपनीच्या गाडीलाही आहे आणि जुन्या पेढीच्याही.

कंपन्या एका चार्जमध्ये किती किलोमीटर म्हणून जे आकडे छापतात, त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ईक्यूएस ५८० एसयूव्हीला भारतातल्या चाचणीत ८०९ किलोमीटर मिळाले. म्हणजे एका युनिटला साडेसहा किलोमीटरहून जास्त. २,८०० किलोच्या गाडीला हे रस्त्यावर मिळत नाही. ही चाचणी प्रयोगशाळेतल्या रोलरवर होते, आणि तिच्यात वेग ९० किलोमीटरच्या वर जात नाही. याच गाडीच्या आधीच्या, १०८ युनिटच्या बॅटरीच्या अवताराला अमेरिकेच्या सरकारी चाचणीत २८५ मैल, म्हणजे ४५९ किलोमीटर मिळाले होते. टेस्ला भारतातही युरोपीय चाचणीचा आकडा देते: पायाभूत मॉडेल वायला ५०० किलोमीटर, लांब पल्ल्याच्या अवताराला ६२२. युरोपीय चाचणीत वेग १३१ किलोमीटरपर्यंत जातो, त्यामुळे तो आकडा कडक आणि खऱ्याच्या जवळचा. एका गाडीवर ८०९ लिहिलंय आणि दुसरीवर ५००, म्हणून पहिली दीडपट चालेल असं समजणं ही फसगत आहे. दोन्ही गाड्यांचे आकडे एकाच चाचणीचे मागावेत. न मिळाल्यास भारतीय आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करून चालावं, हा माझा ठोकताळा.

चार्जिंगचा प्रश्न गडावर वेगळं रूप घेतो. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला साधारण ३.३ युनिट मिळतात. १२२ युनिटची रिकामी बॅटरी त्यावर भरायला ३७ तास लागतील. तीन फेजची जोडणी आणि ११ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर असेल तर तेच काम रात्र आणि सकाळ मिळून होतं. पण पन्हाळ्यावर राहून रोज कोल्हापूरला जाणाऱ्याचं काय? जाऊन-येऊन ४० किलोमीटर, चढ-उतार धरून दहा युनिटच्या आत-बाहेर. ते साध्या सॉकेटवर तीन तासांत भरून निघतात. मोठ्या बॅटरीचा अभिमान इथे उपयोगी पडत नाही. ती रोज दोन टनांहून जास्त वजनाबरोबर उगाच वर-खाली होते. हलकी गाडी, मध्यम बॅटरी आणि लोह-फॉस्फेटची रसायनं हे गडावरच्या घराला जास्त मानवेल. शांघायहून येणाऱ्या पायाभूत मॉडेल वायमध्ये अशी लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची. पहिली त्याच वजनात कमी वीज साठवते, पण जास्त वेळा भरता-उतरवता येते आणि तापल्यावर शांत राहते.

आता नव्या कंपन्यांची खरी कमाई कुठे आहे तिकडे वळू. ती बाहेरून दिसत नाही. कोणत्याही जुन्या घराण्याच्या गाडीचा डॅशबोर्ड खोलून पाहिला तर आत काळ्या टेपने गुंडाळलेल्या वायरिंगचा मनगटाएवढा जाड जुडगा निघतो. काचा वर-खाली करायला एक छोटा संगणक, सीटला दुसरा, ब्रेकला तिसरा, दिव्यांना चौथा. असे पन्नास, सत्तर, कधी शंभर संगणक एका गाडीत असतात. प्रत्येक वेगळ्या पुरवठादाराचा, प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळ्याने लिहिलेलं. गेल्या काही दशकांत एकेक सोय वाढत गेली आणि तिच्याबरोबर एकेक डबा. जुन्या कंपनीला हे सगळं एका दिवसात मोडता येत नाही, कारण त्या डब्यांवर शेकडो पुरवठादारांचे करार उभे आहेत.

नव्या कंपनीला मोडायला काहीच नसतं. रिव्हियनने २०२४ मध्ये आपल्या आर-वन गाड्यांची दुसरी पिढी आणली, तेव्हा आतले संगणक १७ वरून ७ वर आणले आणि प्रत्येक गाडीतून २.६ किलोमीटर लांबीची तार काढून टाकली. तार म्हणजे तांबं, तांबं म्हणजे वजन आणि पैसा, आणि प्रत्येक जोड म्हणजे पावसाळ्यात हिरवा गंज चढायची एक जागा. कोल्हापुरात पावसात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला या आकड्याची किंमत न सांगता कळेल. त्याच वर्षी फोक्सवॅगनने रिव्हियनबरोबर भागीदारी जाहीर केली आणि ५.८ अब्ज डॉलरपर्यंत पैसे घालायची तयारी दाखवली. जगातल्या सगळ्यात मोठ्या वाहन कंपन्यांपैकी एकीने नवख्या कंपनीकडून गाडीच्या मेंदूची रचना विकत घेतली. नव्यांचं श्रेष्ठत्व कबूल करणारी यापेक्षा मोठी पावती नाही.

दुसरी कमाई ओतकामाची, आणि तिच्याबद्दल कोल्हापूरच्या वाचकाला सांगताना मला विशेष आस्था वाटते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्यांनी देशभरच्या इंजिनांचे ब्लॉक, हेड आणि ब्रेक ड्रम ओतले. वाळूचा साचा, वितळलेलं बीड, थंड झाल्यावर साफसफाई आणि मग मशिनिंग, हे काम इथल्या दोन-तीन पिढ्यांच्या हातात आहे. टेस्लाने मॉडेल वायच्या मागच्या भागाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, प्रचंड दाबाच्या यंत्रावर एकाच ओतीत काढला. आधी तिथे पत्र्याचे सत्तर तुकडे वेल्ड करून जोडावे लागत. हजारो टन दाब देणारी ही यंत्रं इटलीच्या इद्रा कंपनीने बनवली. कारखान्याची जागा वाचली, वेळ वाचला, गाडी हलकी झाली. गाडी घेणाऱ्याच्या बाजूने मात्र याला एक किंमत आहे. मागून ट्रकने धडक दिली तर पत्रा ठोकून सरळ करता येतो, जुना तुकडा कापून नवा लावता येतो. एकसंध ओतकामाला तडा गेला की दुरुस्ती अवघड आणि खर्चिक होते. विमा घेताना याची चौकशी करावी. आणि आपल्या फौंड्रीवाल्यांनी हे दुसऱ्या बाजूनेही पाहावं. विजेच्या गाडीत इंजिनाचा ब्लॉक नाही, हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. मोटारीचं कवच, गिअरपेटी, ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग राहतात, पण त्यातलं बरंच काम ॲल्युमिनियमचं. उद्यमनगरच्या पुढच्या पिढीच्या पोटाशी निगडित असलेली ही गोष्ट आहे आणि तिच्याकडे आतापासून लक्ष जायला हवं.

जुन्या पेढीचं बळ कशात? गाडीत बसल्यावर ते लगेच कळतं. हवेच्या सस्पेन्शनमुळे खड्डा पोटात जात नाही, खड्ड्याच्या रस्त्यावर गाडी वर उचलता येते, मागची चाकंही वळत असल्यामुळे पाच मीटरहून जास्त लांबीचं हे धूड घाटातल्या वळणावर लहान गाडीसारखं फिरतं. दारं, सीटा, काचांची शांतता, सगळं तावून सुलाखून घेतलेलं. ईक्यूएसच्या बॅटरीला १० वर्षं किंवा अडीच लाख किलोमीटरची हमी आहे. पायाभूत मॉडेल वायच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. पण हमीचा कागद कितीही लांब मुदतीचा असला तरी तो पाळणारी कंपनी त्या मुदतीपर्यंत टिकायला हवी. माझ्या मते दोन गाड्या तोलताना सगळ्यात जास्त वजन याच प्रश्नाला द्यायला हवं.

कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोर याचं उदाहरण दर दसऱ्याला येतं. छत्रपती घराण्याची, राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार दसरा चौकातल्या सोहळ्याला बाहेर निघते आणि तिला पाहायला गर्दी लोटते. मेबॅक ही विल्हेल्म मेबॅक आणि त्यांचा मुलगा कार्ल यांनी १९०९ मध्ये काढलेली कंपनी. आधी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं, मग मोटारी. दुसऱ्या महायुद्धात तिचं मोटारी बनवणं थांबलं, १९६० मध्ये डेमलर-बेंझने कंपनी ताब्यात घेतली, आणि आज ते नाव मर्सिडीजच्या सगळ्यात महागड्या गाड्यांवर असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये मर्सिडीज-मेबॅक ईक्यूएस ६८० ही विजेवरची एसयूव्ही सव्वादोन कोटींना भारतात आली. पण दसऱ्याची ती मूळ मेबॅक तिच्या निर्मात्यांनी मोटारी बनवणं सोडल्यावर इतकी दशकं उलटूनही चालते, याचं कारण तिच्यात जे आहे ते सगळं हाताने उघडता येतं. एखादा भाग झिजला तर लेथवर नवा वळता येतो. तिला सुरू व्हायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

फिस्कर ओशन या विजेच्या एसयूव्हीची कथा याच्या अगदी उलट आहे. हेन्रिक फिस्कर हा नावाजलेला मोटार-डिझायनर. बीएमडब्ल्यूची झेड-८ त्याच्या हातची. त्याने २०१६ मध्ये कंपनी काढली, गाडी बनवायचं काम ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मॅग्ना या अनुभवी कंपनीला दिलं, २०२२ मध्ये हैदराबादला तांत्रिक कार्यालयही उघडलं. गाडी देखणी होती. जून २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तोवर सुमारे ११ हजार गाड्या बनल्या होत्या. पुढे जे झालं ते प्रत्येक खरेदीदाराने वाचावं. न्यूयॉर्कच्या एका भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने उरलेल्या तीनेक हजार गाड्या एकगठ्ठा घेतल्या, आणि मग कळलं की या गाड्या ज्या सर्व्हरशी बोलतात तिथली माहिती दुसऱ्या सर्व्हरवर नेण्यात अडचण आहे. सॉफ्टवेअर सुधारायचं, बिघाड ओळखायचा, तर त्या सर्व्हरशिवाय मार्ग नाही. त्यासाठी पुन्हा लाखो डॉलर मोजायची वेळ आली. सामान्य मालकांनी एकत्र येऊन संघटना काढली, सुट्या भागांची आणि सॉफ्टवेअरची सोय स्वतः करायला सुरुवात केली. त्या लोकांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नवी गाडी घेणाऱ्या कुटुंबावर असली वेळ यायला नको होती.

आपल्याकडची प्रवैग अजून त्या टप्प्यापर्यंतही पोचलेली नाही. २५ नोव्हेंबर २०२२ रोजी तिने डिफाय ही एसयूव्ही जाहीर केली: सुमारे ९० युनिटची बॅटरी, ५०० किलोमीटरचा दावा, ४०० हून अधिक अश्वशक्ती, किंमत ३९ लाख ५० हजार. आकडे पाहिले तर दुप्पट किमतीच्या जर्मन गाड्यांशी बरोबरी. गाड्या २०२३ मध्ये ग्राहकांना मिळतील असं सांगितलं होतं. तो मुहूर्त टळला. एक नमुना गाडी बनवणं आणि त्याच गाडीच्या दहा हजार प्रती एकसारख्या बनवून प्रत्येकीच्या मागे सुटे भाग आणि कारागीर उभे करणं, या दोन कामांत फार मोठं अंतर आहे. भारतीय तरुणांनी हे धाडस करावं असं मला वाटतं, आणि म्हणूनच त्यांच्या दाव्यांची पारख कडकपणे व्हावी असंही वाटतं.

टेस्लाही एके काळी फिस्कर कोसळली तशाच दरीच्या काठावर उभी होती. मे २००९ मध्ये तिच्याकडचे पैसे संपत आले होते, तेव्हा तिला हात दिला तो मर्सिडीजच्या मालक कंपनीने. डेमलरने ५ कोटी डॉलर देऊन टेस्लाचा सुमारे दहावा हिस्सा घेतला, तिच्याकडून छोट्या गाड्यांसाठी बॅटऱ्या घेतल्या, आणि २०१४ मध्ये उरलेला हिस्सा सुमारे ७८ कोटी डॉलरला विकून बाजूला झाली. आज एकमेकांसमोर उभ्या केल्या जाणाऱ्या या दोन गाड्यांच्या मागे असा इतिहास आहे.

मुंबईत मॉडेल वायची किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून सुरू झाली. अमेरिकेत तिची तेव्हाची सुरुवात ४४,९९० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ३९ लाखांच्या आत. मधला फरक मुख्यतः आयात शुल्काचा. चाकणला जोडल्यामुळे मर्सिडीजची किंमत काबूत राहते. नवी कंपनी कारखाना उभारल्याशिवाय ते करू शकत नाही. विजेच्या गाडीवरचा जीएसटी सगळ्यांना सारखाच, ५ टक्के. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला. टेस्ला २०२५ मध्ये ६ लाख रुपये आगाऊ घेऊन स्वयंचलित ड्रायव्हिंगची सोय पुढे देईन म्हणत होती. वाघबीळच्या वळणावर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली येतो, त्या रस्त्यासाठी असे पैसे आज कुणी देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्याचा विचार तर अटळ आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. नदीकाठचा रेडेडोह फुटून पाणी रस्त्यावर आलं की पन्हाळ्याची वाट बंद होते. जुलै २०२१ मध्ये तर गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या बहुधा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतील अशा मापाने सीलबंद केलेल्या असतात, पण त्याचा अर्थ वाहत्या पाण्यात गाडी घालावी असा होत नाही. २,८०० किलोची गाडीही पाणी उचलून नेतं. रिव्हियनची आर-वन-एस तीन फुटांहून खोल पाण्यातून जाण्यासाठी बनवली आहे, पण ती भारतात मिळत नाही. त्याहून महत्त्वाची बाब दारांची. बऱ्याच नव्या गाड्यांची दारं विजेच्या बटणाने उघडतात. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ सालच्या मॉडेल वायच्या दारांच्या मुठींची चौकशी सुरू केली, कारण दारं चालवणारी छोटी बॅटरी उतरल्यावर बाहेरून दार न उघडल्याच्या तक्रारी होत्या आणि आत मुलं होती. गाडी कुठलीही घ्या, हाताने दार उघडायची कडी पुढे आणि मागे कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, पहिल्याच दिवशी दाखवा.

तर मग घ्यावी कोणती? पन्हाळ्यावर किंवा कोल्हापुरात राहणाऱ्या, एकाच मोठ्या गाडीवर घर चालवणाऱ्या कुटुंबाने या घडीला नव्या कंपनीची एसयूव्ही घेऊ नये. तिच्यातली कल्पकता मला प्रिय आहे, तरीही. बिघडलेली गाडी ट्रकवर चढवून मुंबईपर्यंत पावणेचारशे किलोमीटर न्यावी लागणं हे घरातल्या आजारी माणसाला, शाळेच्या मुलांना, शेतीच्या हंगामाला परवडत नाही. आणि केवळ मर्सिडीजचा तारा असलेलं बोनेट हवं म्हणून दीड कोटी घालणंही मला पटत नाही. त्यातला मोठा भाग अशा सुखासाठी आहे जे वीस किलोमीटरच्या या वाटेवर पुरतं उपभोगताही येत नाही.

खरी निवड तिसरीकडे आहे, आणि तिची मुळं एका भारतीय स्टार्टअपमध्येच आहेत. बंगळूरच्या चेतन मैनी यांनी २००१ मध्ये रेवा ही चिमुकली विजेची गाडी रस्त्यावर आणली. लंडनच्या रस्त्यांवर ती जी-विझ नावाने धावली. २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली आणि त्या माणसांकडून बॅटरी, मोटार, नियंत्रण यांचं शिक्षण घेतलं. चौदा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, महिंद्राने बीई-६ आणि एक्सईव्ही-९ई या एसयूव्ही आणल्या, त्या चाकणलाच बनतात. आल्या तेव्हा किमती १८ लाख ९० हजार आणि २१ लाख ९० हजारांपासून, बॅटऱ्या लोह-फॉस्फेटच्या, ५९ आणि ७९ युनिटच्या, पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आयुष्यभराची हमी. जून २०२५ मध्ये टाटांनी पुण्यात बनणारी हॅरियर ईव्ही आणली. तिच्या वरच्या प्रकारात पुढे-मागे दोन मोटारी आहेत, म्हणजे गडावरच्या शेवाळलेल्या, निसरड्या चढावर चारही चाकं ओढतात. नव्यांची रचना आणि जुन्या घराचा पसारा या गाड्यांत एकत्र आला आहे. दुरुस्तीची सोय कोल्हापुरातच होते आणि सुटे भाग पुण्याहून एका रात्रीत येऊ शकतात.

एवढं ठरलं की गाडी बुक करण्याआधी आणखी एक काम उरतं. गडावरच्या घराची वीजजोडणी एका फेजची असेल तर तीन फेजसाठी महावितरणकडे अर्ज आधी द्यावा, मीटरपासून गाडी लावायच्या जागेपर्यंतची केबल जाड आणि नळीतून घ्यावी, अर्थिंग नव्याने करून तपासून घ्यावं, आणि चार्जरवर पावसाची झड येणार नाही असं छप्पर पावसाळ्याच्या आत उभं करावं.